स्विफ्ट किती मिमी खाली आणावी? (गुहागर–चिपळूण–दापोली वापर)

खाडीपल्याड

२०२१ ची स्विफ्ट पेट्रोल, टायर १८५/६५ आर१५, सस्पेन्शन सगळं कंपनीचं. शॉकअप कोरडे आहेत, बुशचा (सांध्यातल्या रबराचा) आवाज नाही. गाडी गुहागर तालुक्यात असते. नेहमीचा रस्ता चिपळूण, अधूनमधून धोपावे–दाभोळ फेरीने दापोली, कधी तवसाळ–जयगडमार्गे रत्नागिरी, मुंबई–गोवा महामार्ग क्वचित. घराकडचा शेवटचा पाऊण किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, मधोमध गवताची रांग. एरवी गाडीत दोघं. गणपतीत आणि शिमग्याला पाच जण नि डिकी गच्च.

चाक आणि मडगार्डमधली फट डोळ्यांत खुपते, शिवाय वळणावर गाडी कलते. समोर आलेले पर्याय: ४० मिमीचा लोअरिंग स्प्रिंग सेट, २५ मिमीचा सेट, कॉइलओव्हर (उंची फिरवून बदलता येणारे शॉकअप-स्प्रिंग), आणि एका गॅरेजवाल्याचा सल्ला, "आहे त्याच स्प्रिंगचं एक वेटोळं उडवू, तासाभराचं काम." पुण्या-मुंबईकडचे ४० मिमीवाले फोटो झकास दिसतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर किती झेपेल? नेमका आकडा हवा आहे, आणि तो काढायचा कसा तेही.

घाटउतार

वेटोळं कापण्याचा विचार आजच सोडा, त्यावर इथलं कुणीतरी सविस्तर लिहीलच. बाकीच्यांत निवड करायची तर उलट्या टोकाने सुरुवात करा. किती खाली आणल्यावर छान दिसेल ते फोटोवरून कळतं. गाडीच्या पोटाखाली किती जागा उरते आणि सस्पेन्शनला दबायला किती वाव उरतो, हे मात्र तुमच्या गाडीखाली शिरूनच कळणार. या दोहोंपैकी जे आधी संपेल तिथे थांबायचं.

आधी पोटाखालची जागा. कंपनी १६३ मिमी सांगते, पण माहितीपत्रक बाजूला ठेवा. सपाट फरशीवर, टायरात दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, टाकी भरलेली (३७ लिटर म्हणजे सुमारे २७ किलो), अशा स्थितीत चार ठिकाणी मोजा: पुढच्या क्रॉसमेंबरखाली (इंजिनखालचा आडवा दांडा), इंजिनच्या चेंबरखाली, मधल्या सायलेन्सर पाइपखाली आणि बंपरच्या खालच्या ओठापाशी. मग पाच माणसं बसवून, डिकी भरून तेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदा आलेला आकडा खरा, कारण गणपतीत गाडी तशीच चालणार आहे आणि रस्त्याची सर्वात वाईट अवस्थाही तेव्हाच असते.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये दिलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यावर १०० मिमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २४५० मिमी, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी त्या फुगवट्यावरच असतात. दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर येणारा फुगवटा म्हणजे व्हीलबेसचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या, इथे सुमारे ४४ मिमी. असा गतिरोधक ४० मिमी खाली आणलेल्या गाडीलाही काही करत नाही. अडचण आहे ती वाडीच्या तोंडावर रातोरात ओतलेल्या हात-दीड हात रुंद, १३० ते १५० मिमी उंच सिमेंटच्या वरवंट्याची. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, म्हणून त्याची उंची जशीच्या तशी तुमच्या क्लिअरन्समधून (पोटाखालच्या जागेतून) वजा होते. १५० मिमीच्या वरवंट्याला भरलेली कंपनीची गाडीसुद्धा घासते. तिथून पुढचा प्रत्येक मिमी तुमच्या खिशातून.

कच्च्या रस्त्यावरची गवताची रांगही याच हिशेबातली. गवत मऊ असतं, त्यात लपलेला जांभ्याचा चिरा नसतो.

खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या. हवाई चपलेचा तळ साधारण १५ मिमी जाड असतो. दोन तळ एकमेकांना चिकटवून ३० मिमीचे ठोकळे करा आणि क्रॉसमेंबरखाली, मागच्या बीमखाली (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा), दारांखालच्या उंबऱ्याच्या पट्टीखाली दोन्ही बाजूंना डक्ट टेपने पक्के बसवा. सायलेन्सर पाइपवर रबर लावू नका, जळेल. तिथे पातळ पत्र्याची ३० मिमी लोंबणारी पट्टी तारेने बांधा. आठवडाभर नेहमीचे सगळे रस्ते करा, एकदा पूर्ण भार घालून. कुठला तळ सोलला, पट्टी वाकली का, ते बघा. ३० ला घासलं तर एकच तळ ठेवून १५ ला बघा. गाडी खरोखर खाली आणल्यावर स्प्रिंग थोडी कडक असल्याने भाराखाली ती काही मिमी कमी बसेल, एवढाच या चाचणीत फरक. उत्तर सावध बाजूला चुकतं, ते चालेल.

दुसरा आकडा बंप ट्रॅव्हलचा, म्हणजे बंप स्टॉपला (शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी अडसराला) टेकेपर्यंत शॉकअपला किती दबता येतं त्याचा. पुढचं डस्ट कव्हर वर सरकवा, दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधून शॉकअपच्या तोंडाशी टेकवा. गाडी जमिनीवर उभी असताना तोंडापासून बंप स्टॉपच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून ठेवा. मग रोजच्या रस्त्यावर फिरून या. टाय जिथे सरकून थांबला तिथवर तुमचं सस्पेन्शन दबतं. मागे हेच. हे आकडे इथे टाका, मग मिमीचं बोलू.

उंची लिहिताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत लिहू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या.

वेटोळं

कापलेल्या स्प्रिंगबद्दल.

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या सक्रिय वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात असतो. साडेपाच वेटोळ्यांतलं एक काढलं की ५.५ भागिले ४.५, म्हणजे कडकपणा साधारण २२ टक्के वाढतो. इथवर ऐकायला बरं वाटतं. पण खालचं टोक सीटमध्ये बसेल अशा बेताने वळवलेलं असतं, तेच गेलं. कापलेलं सरळ टोक सीटवर एका बिंदूवर टेकतं, रबर चिरतं, आणि तिथूनच पुढे स्प्रिंग मोडते. ग्राइंडरच्या नाहीतर गॅसच्या उष्णतेने त्या भागाचा टेंपरही उतरतो. आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय दिसत नाही: गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळू दिलं की कापलेली स्प्रिंग सैल होते आणि हाताने फिरते. घाटातल्या खड्ड्यात चाक लोंबतं तेव्हा ती सीटवरून सरकते आणि पुन्हा दबताना वाकडी बसते. मागे टॉर्शन बीमवर तर स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, नुसती दोन पॅडच्या मध्ये उभी असते. तिथे ती निसटून बाहेरही पडू शकते.

हाच धोका सैल हिशेबाने बनवलेल्या विकतच्या स्प्रिंगलाही आहे. उदाहरण घ्या. समजा पुढच्या एका स्प्रिंगवर २५५० न्यूटन भार आणि कंपनीची स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिमी; ती १२७ मिमी दबून बसते. नवी स्प्रिंग २६ ची असेल तर ती ९८ मिमीच दबेल. म्हणजे गाडी ३० मिमी खाली आणायला स्प्रिंगची मोकळी लांबी ३० ने नाही, ५९ ने कमी करावी लागते. म्हणून कुठलाही सेट बसवल्यावर दोन्ही चाकं लोंबकळवून स्प्रिंग हाताने फिरते का बघा. फिरली तर परत पाठवा, 'बसेल हळूहळू' हे ऐकून घेऊ नका.

आता ४० का नको. खड्ड्याचा धक्का सस्पेन्शनला ऊर्जा देतो आणि स्प्रिंग ती कडकपणाच्या निम्मे गुणिले दबण्याचा वर्ग या हिशेबाने गिळते. दबायला ७५ मिमी असताना जो धक्का पुरत होता, तोच २५ मिमी खाली आणल्यावर ५० मिमीत गिळायचा तर कडकपणा सव्वादोनपट हवा. ४० मिमी खाली आणल्यावर उरतात ३५. तिथे साडेचारपट हवा. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग बहुधा १५ ते ३० टक्केच कडक असतात, कारण त्याहून कडक कुणाला सोसवत नाही. राहिलेला धक्का बंप स्टॉपवर, तिथून स्ट्रट माउंटवर (पुढच्या शॉकअपच्या वरच्या टेकणावर), तिथून बॉडीवर. पुण्यातल्या गुळगुळीत रस्त्यावर बंप स्टॉपला टेकायची वेळच क्वचित येते, म्हणून तिकडचे ४० मिमी सुखात असतात. पावसाळ्यात आपल्याकडे दर किलोमीटरला येते.

कागदपत्रं

थोडक्यात, पण वाचून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये मालकाला परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. काही करायच्या आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. कंपनीच्या स्प्रिंग, बंप स्टॉप, वरचे पॅड तेल पुसून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका.

सुकाणू

फेरीचा मुद्दा कुणी घेतला नाही अजून. दाभोळ, जयगड, बागमांडला, कुठेही जा, धक्का पाण्याकडे उतरतो आणि बोटीचा फळा त्याच्यावर टेकून वर चढतो. म्हणजे गाडी आधी दरीतून जाते आणि मग फळ्यावरून डेकवर येताना टेकाडावरून. दरीत पुढच्या बंपरचा ओठ लागतो, टेकाडावर पोट.

टेकाडाचं गणित सोपं. ब्रेकओव्हर कोन (पोट न घासता ओलांडता येणारा टेकाडाचा कोन) म्हणजे दुप्पट क्लिअरन्स भागिले व्हीलबेस, त्याचा आर्क टॅन, गुणिले दोन. १६३ मिमीला १५ अंशांच्या किंचित वर येतो, १३८ ला जेमतेम १३, १२० ला ११. फळा आणि डेक यांच्यात एवढा तीव्र कोन सहसा नसतो, त्यामुळे पोटाची चिंता दुय्यम. बंपरची खरी. धक्का समजा १० ला १ उतरतोय, म्हणजे पावणेसहा अंश, आणि फळा सहा अंश चढतोय. एकूण मोड पावणेबारा. त्यात खाली उतरताना ब्रेक लावला की नाक आणखी दबतं. ओहोटीला बोट उताराच्या खालच्या टोकाला लागते, तिथे शेवाळामुळे तिरपं घेण्याची हिंमत होत नाही, आणि फळ्याची रुंदीही तेवढी नसते.

स्वतःचा कोन मोजा: पुढच्या टायरच्या तळापाशी दोरी टेकवून बंपरच्या ओठापर्यंत ताणा, मोबाइलमधल्या लेव्हलने कोन घ्या. २५ मिमी खाली आल्यावर तो साधारण दोन अंशांनी कमी होईल. फळ्यावर ब्रेकवर पाय ठेवून नाही, क्लचवर, पहिल्या गिअरमध्ये. आणि बंपरखाली लावतात तो प्लॅस्टिकचा स्प्लिटर या गाडीला नकोच. ४० ते ५० मिमी तिथेच जातात.

खाडीपल्याड

सगळ्यांचे आभार. मोजलं.

चाकाचा मध्य ते मडगार्ड: रिकामी गाडी पुढे ३७०, मागे ३७५. पाच जण आणि डिकी भरून पुढे ३५६, मागे ३३०.
सर्वात खालची जागा मधला सायलेन्सर पाइप: रिकामी १६४, भरलेली १३५.
बंप स्टॉपपर्यंतची मोकळी जागा: रिकाम्या गाडीत पुढे ४८, मागे ७४. भरल्यावर मागे ३० उरतात.
पुढचा केबल टाय बंप स्टॉपच्या १२ मिमी आत गेलेला, म्हणजे कंपनीच्या उंचीवरही तो टेकतोय.
चपलेचे तळ: ३० मिमीला दोघं बसून क्रॉसमेंबरचा नुसता खरवडला, भरलेल्या गाडीत पाइपची पट्टी दोन गतिरोधकांवर आडवी झाली. १५ मिमीला रिकाम्या गाडीत काहीच लागलं नाही, भरलेल्यात एका ठिकाणी लागलं.
दोरीचा कोन १७ अंश.

घाटउतार

मग आकडा तुमच्याच मोजमापात आहे.

४० मिमी घेतलेत तर पुढे बंप स्टॉपपर्यंत ८ मिमी उरतात. मागे भरलेल्या गाडीत ३० मधून ४० वजा. स्प्रिंग २० टक्के कडक धरली तर भाराने ४५ ऐवजी साडेसदतीस मिमी बसेल, तरीही हिशेब शून्याच्या खालीच. म्हणजे गणपतीत गाडी उभ्या उभ्याच मागच्या बंप स्टॉपवर बसलेली असेल. त्या स्थितीत मागचं चाक ओल्या वळणावर एकाएकी पकड सोडतं, कारण स्टॉपवर बसलेल्या टोकाचा कडकपणा क्षणात कित्येक पट होतो. दिसण्याचा प्रश्न तिथेच संपला.

माझं उत्तर: पुढे २५, मागे १५. त्याखाली नाही.

पुढे २५ ने बंप स्टॉपपर्यंत २३ मिमी उरतात, कडक स्प्रिंगसह ते चालतात. मागे १५ ने, वरचे साडेसात मिमी धरून, भरलेल्या गाडीत सुमारे २२ उरतात. पाइपखाली भरलेल्या गाडीत साधारण १२० मिळतील. ज्या गतिरोधकावर तुमची पट्टी वाकली तिथे पाच जणांनिशी तिरपं घ्यायचं, किंवा मागच्या तिघांना उतरवायचं. हे मान्य नसेल तर गाडीला हातच लावू नका. तेही शहाणपणाचंच आहे.

सेट बहुतेक पुढे-मागे २५/२५ असेच मिळतात. मागे १० परत मिळवायला स्प्रिंगखालचं रबर पॅड जाड घाला. बीमवर स्प्रिंगची जागा चाकाच्या मध्यरेषेच्या पुढे असेल तर १० मिमीच्या पॅडने चाकापाशी १० पेक्षा थोडं जास्तच मिळतं, त्यामुळे ८ चं पॅड घालून मोजा. मागची फट पुढच्यापेक्षा बोटभर जास्त दिसेल. दिसू द्या. भार घातल्यावर ती जागा कामाला येते.

वळणावर कलण्याबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. मॅकफर्सन स्ट्रटला (पुढची शॉकअप-स्प्रिंगची एकत्र जोडणी) खालचा आर्म चाकाकडे थोडा उतरता असतो तोवर ठीक. गाडी खाली आली की तो आडवा होतो, मग चाकाकडे चढता. तसा झाला की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं, दोघांमधलं अंतर वाढतं, आणि गाडी खाली येऊनही कलायचा जोर वाढतो. तपासायचं असं: आर्मच्या आतल्या बुशच्या बोल्टची आणि बाहेरच्या बॉल जॉइंटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा. बसवल्यानंतर बॉल जॉइंट बुशपेक्षा वर गेला तर मर्यादा ओलांडली म्हणून समजा.

वेटोळं

घाटउतार यांच्या २५/१५ ला माझी सहमती. बंप स्टॉप कापायचा मोह होईल, तो आवरा. स्टॉप हा नुसता अडसर नसतो, त्याची निमुळती टोकं दुसऱ्या स्प्रिंगचं काम करतात. सेटसोबत आखूड स्टॉप आले असतील तरच ते वापरा. कॉइलओव्हर इथल्या हवेला आवडत नाहीत: पोलादी नळीवर अॅल्युमिनियमची कॉलर, त्यात खारी हवा आणि लाल माती. दोन पावसाळ्यांत आटे इतके धरतात की पाना लावला तर कॉलर तुटते, फिरत नाही. घ्यायचेच असतील तर स्टेनलेस नळीचे, आट्यांवर अँटी-सीझ लावून वर टेप गुंडाळून, आणि वर्षातून दोनदा कॉलर फिरवून पूर्वीच्या खुणेवर आणायची. उंची बदलायचीच नसेल तर ती उठाठेव कशाला?

पाना_१७

आता बसवण्याचं. इथे चुका जास्त होतात, आणि त्या दोन महिन्यांनी आवाजाच्या रूपाने कळतात.

गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. पुढे ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा, लिंक रॉड सोडवा, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट काढा. नकल आणि स्ट्रट यांच्या सांध्यावर आधी खडूने रेघ मारून ठेवा. तिथे भोकांत थोडी ढिलाई असते आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) तिथेच बदलतो. नकल ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर, आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गनने काढू-घालू नका, दांडा फिरतो आणि सील जातं. गाडी चार वर्षांहून जुनी आहे तर स्ट्रट माउंट आणि बेअरिंग याच वेळी नवे घाला, मजुरी एकदाच पडते. शॉकअप कोरडे असले तरी ६० हजार किलोमीटरच्या पुढे चालले असतील तर कडक स्प्रिंग त्यांना लवकर संपवेल.

सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट: खालच्या आर्मच्या आतल्या बुशचे आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट. रबर बुश आतल्या नळीला चिकटलेले असतात, फिरत नाहीत, पिळतात. जुन्या उंचीला आवळलेले बोल्ट तसेच ठेवले तर गाडी उभी असतानाही ते पिळलेल्या स्थितीत राहतात. ४०० मिमीच्या आर्मला २५ मिमी म्हणजे साडेतीन अंशांहून जास्त पीळ, कायमचा. सहा महिन्यांत फाटतात. म्हणून बोल्ट सैल सोडायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बंपरवर दाबून दोन-चार हिसके द्यायचे, आणि मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचे. खड्डा किंवा रॅम्प लागेल, नाहीतर चाकांखाली लाकडी फळ्या.

अलाइनमेंट लगेच करू नका, स्प्रिंग बसायला वेळ लागतो. टोच्या (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत त्याच्या) बाबतीत अंदाजे सरळ करून ५०० किलोमीटर चालवा, मग नीट मशिनवर घ्या, टाकी अर्धी आणि तुमच्या वजनाएवढा भार ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून. पुढे २५ मिमीला कॅम्बर साधारण अर्ध्या अंशाच्या आसपास ऋण बाजूला जाईल. डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त आला तर त्या दोन नकल बोल्टांपैकी वरच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवता येतो. टायर आतून खायला लागले की लोक कॅम्बरला दोष देतात. बहुतेक वेळा टो बिघडलेला असतो. मागे बीम असल्याने काहीच फिरवता येत नाही, जे येईल ते नोंदवून ठेवा.

हेडलाइट पुन्हा लावून घ्या. पुढे जास्त, मागे कमी खाली आणल्यामुळे झोत खाली पडतो, कुंभार्लीच्या वळणांवर रात्री ते जाणवेल.

खाडीपल्याड

मागे ८ चं पॅड, पुढे २५, शॉकअप नवे, असं ठरवतोय. स्प्रिंगला गंज लागू नये म्हणून वर्कशॉपवाले खालून जुनं ऑइल आणि डिझेल फवारतात, ते चालेल ना?

पाना_१७

नाही. डिझेल आणि ऑइलने रबर फुगतं. बुश, डस्ट कव्हर, ब्रेक होजवरचं आवरण सगळं मऊ पडतं. वर लाल माती चिकटून लगदा होतो तो वेगळाच. स्प्रिंग गंजते कुठे ते बघा: खालच्या सीटमध्ये शेवटचं वेटोळं रबरावर टेकतं तिथे. तिथे माती अडकते, मिठाचं पाणी राहतं, पावडर कोटिंग घासून निघतं आणि खड्डा पडून स्प्रिंग तिथूनच मोडते. बसवण्याआधी त्या शेवटच्या वेटोळ्यावर मेणाचं अँटीरस्ट हाताने लावा, आणि सीटमधलं पाणी वाहून जायचं भोक मातीने बुजलेलं नाही ना बघा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला नुसत्या गोड्या पाण्याचा पाइप खालून सीटमध्ये धरा, प्रेशर वॉशर डस्ट कव्हरवर नको. गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत उतरवली असेल तर त्याच दिवशी. चतुर्थीच्या आधी एकदा चाकं काढून दोन्ही बाजूंची शेवटची वेटोळी टॉर्चने तपासा, तांबूस पापुद्रे दिसले तर वायरब्रशने खरवडून पुन्हा मेण. खरवडल्यावर नखाला खड्डा लागला तर ती स्प्रिंग उतरवायची, आणि जोडीने बदलायची.